कुत्र्याला काय मिळालं?

सांगलीतल्या कुठल्याही चिकनच्या दुकानासमोर सकाळी थांबून बघा. शटर अर्धंच वर गेलेलं असतं आणि चार-पाच कुत्री आधीच हजर असतात. त्यातलं एखादं मुरलेलं कुत्रं पायरीपासून बरोबर तीन-चार हात लांब, गुपचूप बसलेलं दिसेल. आणखी पुढं सरकलं तर अंगावर पाण्याचा मग येतो, फार मागं राहिलं तर फेकलेला तुकडा दुसरंच पळवतं, भुंकलं तर दुकानदार दगड उचलतो. हे सगळं त्याला पाठ झालंय. त्याला कोणी 'सिट' म्हणून बसवलेलं नाही. ट्रेनर लावलेला नाही, फी भरलेली नाही. तरी समोर मांस दिसत असताना शांत बसणं, जे बंगल्यातल्या लॅब्रॅडॉरला जमत नाही, ते हे गल्लीतलं कुत्रं रोज करून दाखवतं.

हे कसं घडलं ते समजलं की कुत्र्याच्या ट्रेनिंगमधला निम्मा भाग समजला. कुत्रं चोवीस तास शिकतच असतं. आपण खिशात बिस्किटं घेऊन शिकवायला बसतो तेवढ्याच वेळात ते शिकतं, हा आपला गैरसमज. आणि ते शिकतं कशावरून? आपण काय बोललो, आपल्या मनात काय होतं, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. मी अमुक केलं, त्यावर लगेच काय घडलं आणि त्यात मला काय मिळालं, एवढाच त्याचा हिशेब.

हा हिशेब पहिल्यांदा मोजून दाखवला तो एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकानं, १८९८ साली, आणि तोही मांजरांवर. फळ्यांच्या पेटीत भुकेलं मांजर कोंडायचं आणि बाहेर खाणं ठेवायचं. आतली दोरी ओढली किंवा खिट्टी दाबली की दार उघडायचं. पहिल्या खेपेला मांजर ओरबाडतं, चावतं, फटीतून पंजा घालतं, आणि या धडपडीत कधीतरी दोरीला पंजा लागून दार उघडतं. पुन्हा कोंडल्यावर ते शहाण्यासारखं थेट दोरीकडं जात नाही. पुन्हा तीच धडपड, पण जरा कमी. खेपेगणिक फुकटच्या हालचाली गळत जातात आणि बाहेर पडायला लागणारा वेळ उतरत जातो. थॉर्नडाइकनं त्या वेळांचे आलेख काढले आणि नियम मांडला: ज्या वागण्याचा शेवट समाधानात होतो ते पुन्हा होतं, ज्याचा त्रासात होतो ते मागं पडतं.

रशियात इव्हान पावलॉव्हच्या प्रयोगशाळेत याची दुसरी बाजू उघडी झाली. पावलॉव्ह मुळात पचनाचा अभ्यासक. १९०४ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. कुत्र्यांची लाळ मोजताना लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधी, नुसता ते आणणारा माणूस दिसला तरी लाळ सुटते. इथं कुत्र्यानं काहीच केलेलं नाही. दोन गोष्टी लागोपाठ घडत गेल्या आणि पहिलीला दुसरीचा अर्थ चिकटला. साखळी खुळखुळली की घरातलं कुत्रं नाचायला लागतं आणि जनावरांच्या दवाखान्याचं वळण आलं की रिक्षातच थरथरायला लागतं, ते याच वाटेनं. शिकवताना या दोन्ही वाटा एकदम चालू असतात. 'बसलं की खाऊ' हे कुत्रं शिकतं, आणि त्याच वेळी हा माणूस जवळ असला की बरं वाटतं की भीती वाटते, हेही शिकतं. हा दुसरा धडा आपण देतोय, हे बऱ्याचदा आपल्या ध्यानीमनीही नसतं.

नंतर बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदीर आणि कबुतरांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्याची पाठ करून ठेवावी अशी एक व्याख्या आहे. बक्षीस कशाला म्हणायचं? जे मिळाल्यावर ते वागणं पुढं वाढतं, त्याला. वागणं वाढलं नाही तर तुम्ही काजू दिलात तरी ते बक्षीस नव्हे. आणि वागणं वाढत असेल, तर तुम्ही शिव्या घालत असलात तरी कुत्र्याच्या लेखी ते बक्षीसच आहे.

रॉकी अंगावर का उडतो

आमच्या शेजारच्या आक्कांचा रॉकी फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर उडतो. दूधवाला असो, पोस्टमन असो, पांढरी पँट घालून आलेले व्याही असोत. आक्का म्हणतात, "किती ओरडले, दोनदा चप्पल घातली, तरी ऐकतच नाही बघा. लई हट्टी जात."

आता रॉकीच्या बाजूनं बघू. तो उडतो. आक्का धावत येतात, म्हणजे दिवसभर स्वयंपाकघरात असलेलं माणूस त्याच्याकडं आलं. "रॉकी! रॉकी! खाली!" असा गलका होतो, म्हणजे सगळे त्याच्याशी बोलायला लागले. पाहुणा दोन्ही हातांनी छातीवर ढकलतो. कुत्र्यांच्या मस्तीत छातीवर ढकलणं हा खेळाचाच भाग. नातू टाळ्या पिटत हसतो. चारातला एक पाहुणा तर म्हणतोच, "असू दे असू दे, मला आवडतात कुत्री," आणि कानामागं खाजवतो. याउलट रॉकी कोपऱ्यात पोतं टाकून शांत पडलेला असतो तेव्हा त्याच्याकडं कोणी ढुंकून बघत नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून, मोठ्या चिकाटीनं, त्याला अंगावर उडायला शिकवलंय.

उपाय याच हिशेबातून निघतो. चारही पाय जमिनीवर असताना काहीतरी मिळालं पाहिजे, पाय उचलल्यावर काहीच मिळता कामा नये. पाहुणा दारात यायच्या आधीच रॉकीला पट्टा बांधायचा. माणूस दिसला, पाय अजून जमिनीवर आहेत, तेवढ्यात चिकनचा बारकासा तुकडा खाली फरशीवर, पंजांच्या मध्ये ठेवायचा. हातातून वर धरून द्यायचा नाही, नाहीतर तोंड वर जातं आणि तोंडामागून पाय. पाहुणा एक पाऊल पुढं येतो, पुन्हा एक तुकडा खाली. उडालाच तर पाहुण्यानं गुमान पाठ फिरवायची. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, डोळ्याला डोळाही द्यायचा नाही. पाय टेकले की पुन्हा तुकडा.

इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. नेहमीचं बक्षीस एकाएकी बंद झालं की वागणं आधी वाढतं, मग कमी होतं. दारावरची बेल वाजली नाही तर आपण लगेच परत फिरत नाही, आधी ती तीन-चारदा जोरात दाबतो, तसंच हे. रॉकी आधी जास्त उंच उडेल, वर भुंकेलही. नेमक्या याच वेळी घरातलं कोणीतरी वैतागून "अरे घे बाबा!" म्हणतं आणि लक्ष देतं. मग रॉकी काय शिकतो? साधं उडून भागत नाही, भुंकत उंच उडावं लागतं. घरात पाच माणसं असतील तर पाचहीजणांनी एकच नियम पाळायचा, हे सगळ्यात अवघड काम. कुत्रं शिकवणं त्या मानानं सोपं. आजोबांना समजावणं तुमचं तुम्ही बघा.

पिठाच्या गिरणीतलं कबुतर

जे वागणं कुत्रं आपणहून करतच नाही, ते शिकवायचं कसं? याची एक गोष्ट स्किनरनंच लिहून ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धात तो मिनियापोलिसमधल्या एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर कबुतरांवर काम करत होता. बॉम्बच्या टोकात कबुतरं बसवायची आणि त्यांनी पडद्यावर चोच मारून नेम धरायचा, अशी ती योजना. ती युद्धात कधी वापरली गेली नाही. पण १९४३ मध्ये एके दिवशी त्यानं आणि सहकाऱ्यांनी सहज ठरवलं की कबुतराला लाकडी चेंडू चोचीनं टोलवायला शिकवू. चेंडू टोलवला की दाणे द्यायचे. ते वाट बघत बसले. कबुतर चेंडूकडं फिरकेना. शेवटी कंटाळून त्यांनी अट खाली आणली: नुसतं चेंडूकडं बघितलं तरी दाणे. मग चोच चेंडूच्या दिशेनं गेली तर. मग चेंडूला लागली तर. काही मिनिटांतच कबुतर चेंडू असा टोलवायला लागलं की तो पेटीच्या भिंतींवर आपटून परत यायचा.

दार उघडेपर्यंत थॉर्नडाइकचं मांजर एकटंच धडपडत होतं. इथं माणसानं मधल्या पायऱ्या बांधून दिल्या. कुत्र्याला 'झोप' शिकवताना पाठ दाबून खाली बसवायची गरज नसते ती यामुळेच. डोकं खाली गेलं, द्या. कोपर वाकलं, द्या. छाती टेकली, दोन द्या. पायरी फार उंच ठेवली तर कुत्रं सोडून देतं, जांभया देतं, जमीन हुंगत बसतं. बघणाऱ्याला ते आळशी वाटतं. खरं तर मागच्या पायरीवर त्याचं पक्कं झालेलं नसतं, किंवा हातातला खाऊ त्या कष्टाच्या लायकीचा नसतो.

यातली सगळी मेख वेळेत आहे. कुत्रं बसलं, तुम्ही खिशात हात घातला, पिशवी उघडेना, तोवर ते उठून तुमच्या खिशाशी नाक घासायला लागलं आणि तुम्ही खाऊ दिला. तुम्हाला वाटलं बसल्याबद्दल दिला. कुत्र्याला मिळाला तो खिशाशी नाक घासल्याबद्दल. दोन-तीन सेकंदांचा उशीरही धडा बदलून टाकतो. म्हणून खूण लागते. स्किनरचेच विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४० च्या दशकात प्राणी शिकवताना शिट्टी आणि टकटक वाजणारी खेळण्यातली डबी वापरायला सुरुवात केली. पुढं कॅरेन प्रायरनं हवाईमध्ये डॉल्फिनना शिट्टीवर शिकवलं. पोहणाऱ्या डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालून ओढता येत नाही, त्यामुळे जबरदस्तीचा प्रश्नच मिटला. तिनंच नंतर ही पद्धत कुत्रेवाल्यांमध्ये रुजवली. आधी आवाज आणि मासळी, आवाज आणि मासळी अशी जोडी जमवायची, हे झालं पावलॉव्हचं. मग हवं ते वागणं घडलं त्याच क्षणी आवाज, खाणं मागून आलं तरी चालतं, हे झालं थॉर्नडाइकचं.

अशी टकटक डबी, म्हणजे क्लिकर, विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. एक तोकडा शब्द ठरवा, 'हां!' किंवा 'येस!'. 'शाब्बास रे माझ्या वाघा' हे मनाला बरं वाटतं, पण ते म्हणून होईतो कुत्रं उठून दोन पावलं चाललेलं असतं.

हा आवाज इतकं काम का करतो, याचा धागा मेंदूपर्यंत जातो. वुल्फ्रम शुल्ट्झ या मेंदूच्या अभ्यासकानं माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन (मेंदूतलं एक निरोप्या रसायन) सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी सळसळायच्या. रसाआधी ठरावीक इशारा मिळायला लागल्यावर काही काळानं त्या इशाऱ्यालाच प्रतिसाद द्यायला लागल्या, रसाला नाही. आणि इशारा देऊन रस दिलाच नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. १९९७ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की शिकणं होतं, तेवढंच मिळालं की शिकण्यासारखं काही उरत नाही. रोज त्याच वेळी तेच ग्लुकोज बिस्किट दिलं की कुत्रं सुस्तावतं आणि एखाद्या दिवशी अंड्याचा तुकडा निघाला की डोळे चमकतात, यामागं बहुधा हेच असावं.

"म्हंजे लाच की ओ"

जतकडचे एक अण्णा आहेत, त्यांच्याकडं कारवानी कुत्र्यांची जोडी आहे. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बिस्किट दाखवून बसवायचं म्हंजे लाच की ओ. उद्या बिस्किट नसलं म्हंजे?"

प्रश्न रास्त आहे. लाच आधी दाखवतात, बक्षीस नंतर मिळतं. खाऊ नाकासमोर धरून "बस, बस" म्हणत राहिलं तर कुत्रं खाऊ दिसल्याशिवाय बसत नाही. तिथं अण्णांचं खरं. म्हणून नाकापुढून खाऊ फिरवून बसवायचं ते पहिल्या काही वेळाच. मग रिकामा हात तसाच फिरवायचा, बसल्यावर 'हां!' म्हणायचं आणि खाऊ खिशातून किंवा फडताळावरच्या डब्यातून काढायचा. वागणं पक्कं झालं की दर वेळी द्यायचा नाही. कधी पहिल्यांदा, कधी चौथ्यांदा, कधी लागोपाठ दोनदा. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की वागणं जास्त चिवट होतं, हे स्किनरच्या कबुतरांनी हजारो चोची मारून दाखवलं आहे. कुठल्या गल्लीत मटका चालतो ते ठाऊक असलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

पण अण्णांच्या कारवानींचा खरा प्रश्न खाऊचा नव्हताच. जत भागातली कारवानी आणि सीमेपलीकडची मुधोळ ही नजरेनं शिकार धरणारी, उंच, बारीक कमरेची कुत्री. माळावर ससा उठला की त्यांना चिकन काय नि माती काय. इथं डेव्हिड प्रिमॅक या मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये मांडलेलं सूत्र कामाला येतं: जनावराला जे करायची जास्त ओढ असते, तेच कमी ओढीच्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. कारवानीची ओढ धावण्याची. मग धावणंच बक्षीस करायचं. बांधाशी थांबलं, मालकाच्या तोंडाकडं एकदा बघितलं, की पट्टा सोडायचा आणि कुंपण घातलेल्या रानात मोकळं सुटू द्यायचं. थोड्या दिवसांत ते आपणहून बांधाशी थांबून मान वळवायला लागतं.

याला मर्यादाही आहे. ब्रेलंड दांपत्यानं १९६१ मध्ये स्वतःच्या फसलेल्या प्रयोगांवर एक लेख लिहिला. डुकराला लाकडी नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं. काही दिवस नीट चाललं, मग डुक्कर नाणं वाटेतच टाकून मुसंडीनं उकरत बसायला लागलं, भुकेलं असलं तरी. रकून नावाचा अमेरिकन प्राणी नाणी टाकायच्याऐवजी एकमेकांवर घासत बसला. अंगभूत सवय बक्षिसाच्या वर चढली. तेव्हा कारवानी ससा बघूनही कधीच सुटणार नाही, अशी हमी कोणी देत असेल तर त्याच्याकडून पट्टा तेवढा विकत घ्यावा.

आणि खाऊ म्हणून काय द्यावं? उकडलेलं चिकन, अंडं, पनीर, चपातीचे कोरडे तुकडे, तुरीच्या दाण्याएवढे बारीक. आपल्या भागात एक मोठा धोका आहे: बेदाणा. तासगावचा बेदाणा घरोघरी असतो आणि पोरं प्रेमानं कुत्र्याला देतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, कधी थोड्याशा प्रमाणातही. चुकून खाल्लेच तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठायचा. भडंगही नको, त्यात लसूण असतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चॉकलेट तर नाहीच.

दर वेळी खाणंच लागतं असंही नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेलं काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडली तेव्हा खाऊ देणाऱ्यापेक्षा डोक्यावरून हात फिरवणाऱ्याशी त्या कुत्र्यांची जवळीक जास्त वाढली. ज्यांना दिवसभर हाड-हाड ऐकावं लागतं, त्यांच्याकडून आलेलं हे उत्तर आहे.

मार दिल्यावर काय शिकतं

मारानं वागणं थांबत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. थांबतं. म्हणूनच तर लोक मारतात, आणि कुत्रं क्षणभर थांबलं की मारणाऱ्यालाही बक्षीस मिळतं, मग मारणं वाढतं. प्रश्न हा की कुत्र्याला त्यातून मिळालं काय.

संध्याकाळी आमराईभोवती कुत्रं फिरवताना समोरून सायकलवर मुलगा येतो, कुत्रं भुंकतं, मालक चोक-चेनला हिसका देतो. मालकाच्या मनात, भुंकल्याची शिक्षा. कुत्र्याची नजर होती मुलावर. मुलगा दिसला आणि मान आवळली, असं चार-सहा वेळा झालं की पावलॉव्हचा नियम आपलं काम करतो. मुलगा आता वाईट. भुंकणं दबलं तरी मुलाबद्दलचा राग वाढलेला असतो. गुरगुरण्याचंही तसंच. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' अशी सूचना. ती मारून बंद केली की कुत्रं सूचना न देता चावतं आणि सगळे म्हणतात, "काही कारण नसताना चावलं हो." चावलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा; हळद-तिखट लावत बसू नका.

"पण त्याला कळतं चुकलंय ते, तोंड बघा कसं करतं," असं हमखास ऐकू येतं. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. मालक बाहेर गेल्यावर कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याची खरी-खोटी माहिती मालकाला दिली. मान खाली, कान मागं, नजर चोरणं, हे सगळं मालक रागावला तेव्हा दिसलं. कुत्र्यानं खाऊ खाल्ला होता की नव्हता, यावर ते अवलंबून नव्हतं. काहीच न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांनीच ते तोंड जास्त केलं. म्हणजे दुपारी फाडलेल्या उशीबद्दल संध्याकाळी रागावलं, तर कुत्रं एवढंच शिकतं की मालक घरी आला आणि उशी खाली दिसत असली की धोका.

पोर्तुगालमधल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवेगळ्या ट्रेनिंग शाळांमधली ९२ पाळीव कुत्री घेतली होती. हिसके, ओरडा यांवर चालणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली, ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, जास्त वाढलं. पुढची चाचणी मला जास्त बोलकी वाटते. एका बाजूला ठेवलेल्या भांड्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूच्या भांड्यात नसतो, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग भांडं मधोमध ठेवलं. आता असेल की नसेल? सर्वाधिक धाकात शिकलेली कुत्री त्या भांड्याकडं सावकाश गेली. त्यांची अपेक्षाच कमी झाली होती.

उरला 'आपण टोळीचे नायक' हा सिद्धांत, म्हणजे कुत्रं लांडग्यांच्या टोळीसारखं नायक होऊ बघतं, म्हणून मालकानं त्याच्यावर धाक ठेवावा, हे म्हणणं. त्याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या लेखात आहे, प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरच्या. रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेले डेव्हिड मेक, ज्यांच्या पुस्तकानं ही कल्पना लोकप्रिय केली होती, त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. कुत्र्याला उलथं पाडून दाबून धरणाऱ्या ट्रेनरला एवढं सांगायला हरकत नाही.

डॉल्बी आणि फटाके

गणपतीत डॉल्बी लागली की गल्लीतली निम्मी कुत्री पलंगाखाली असतात. लोक म्हणतात, जवळ घेऊ नका, भीतीचे लाड होतात. असं होत नाही. बक्षिसानं वागणं वाढतं. भीती हे वागणं नाही, ती भावना आहे, कुत्र्यानं ठरवून केलेली नसते. खुशाल जवळ घ्या. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्सनं सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचं खाणं देत देत ससा हळूहळू जवळ आणला होता. कुत्र्यालाही तेच लागू पडतं. मिरवणुकीच्या दोन-अडीच महिने आधी मोबाइलवर ढोल-ताशाचा आवाज अगदी बारीक लावायचा, कान टवकारतील पण अंग आखडणार नाही इतका. आवाज सुरू झाला की चिकन सुरू, आवाज थांबला की चिकन बंद. क्रम उलटा करायचा नाही, नाहीतर चिकन दिसलं की आता आवाज येणार, अशी चिकनचीच भीती बसते. प्रत्यक्ष मिरवणुकीच्या रात्री मात्र काही शिकवायला जाऊ नये. आतली खोली, बंद खिडक्या, पंखा फुल्ल, आणि भीती फारच असेल तर आधीच डॉक्टरांकडून औषध.

शेवटी एक तक्रार राहते: "घरात सगळं करतं हो, बाहेर गेलं की ओळखच देत नाही." आपल्यासाठी 'बस' हा एक शब्द आहे. कुत्र्यानं शिकलेलं असतं ते असं: स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी, आई समोर उभी असताना, तिचा हात छातीशी गेला की ढुंगण टेकायचं. गच्चीवर फ्रीज नाही, बाबा खुर्चीत बसलेत, तर तो त्याच्यासाठी निराळा धडा. म्हणून जागा बदलली की पहिल्या पायरीवर परत यायचं आणि खाऊ चांगला करायचा: स्वयंपाकघरात चपाती चालते, गल्लीत अंडं लागतं, आणि कृष्णाकाठी संध्याकाळी, भेळगाड्या आणि बाकीची कुत्री असताना, चिकनशिवाय जाऊच नये. 'ये' या हाकेला तर घरातही कंजुषी नको. हाक मारून आंघोळीला नेलं, हाक मारून साखळीला बांधलं, असं झालं की 'ये' म्हटल्यावर पळून जायचं असतं हे ते शिकतं. आंघोळ घालायची असेल तर उठून जाऊन धरून आणा, आणि फिरायला गेल्यावर पाच वेळा उगाच हाक मारा, आलं की तुकडा द्या आणि पुन्हा हुंगायला सोडून द्या.